गोळी कुटून सुईने घेतली तर फुफ्फुसांचं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची उत्तरं दोघांसाठी आहेत. एक म्हणजे जे तोंडाने घ्यायच्या गोळ्या पाण्यात कालवून शिरेतून घेतात किंवा आधी घ्यायचे ते स्वतः, आणि दुसरे त्यांच्या घरचे, ज्यांना बाथरूममध्ये काळा पडलेला चमचा किंवा रिकामी सिरींज सापडलीये आणि कोणाला विचारावं कळत नाहीये. मी गोळ्या बनवायच्या कामात आहे, त्यामुळे गोळीत नक्की काय काय भरलेलं असतं तिथून सुरुवात करतो, कारण सगळा घोटाळा तिथेच आहे.

औषध तर तेच आहे ना, मग तोंडाने घेतलं काय आणि शिरेतून घेतलं काय?

औषध तेच, पण गोळी म्हणजे नुसतं औषध नाही. उदाहरणार्थ अल्प्राझोलाम या झोपेच्या औषधाची पाव मिलिग्रॅमची गोळी बघा, पाव मिलिग्रॅम औषध बोटावर ठेवलं तर धड दिसणारही नाही, मग हातात येते ती गोळी कशाची बनलीये? स्टार्च, मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोज (हे लाकडाच्या लगद्यापासून बनतं), गोळी पोटात गेल्यावर पटकन फुटावी म्हणून क्रॉसपोव्हिडोन, मशीनला चिकटू नये म्हणून मॅग्नेशियम स्टिअरेट आणि टाल्क, म्हणजे आपलं शंखजिरं, जे अंगाला लावायच्या पावडरमध्येही असतं. यातलं बरंचसं पाण्यात विरघळतच नाही. पोटात गेलं तर काही प्रॉब्लेम नाही, आतड्यातून सरळ बाहेर पडतं, त्यासाठीच ते निवडलेलं असतं.

घरी बघायचं असेल तर पॅरासिटामॉलची एक गोळी ग्लासभर पाण्यात टाका, ढवळा आणि अर्धा तास ठेवून द्या. एवढ्या पाण्यात औषध सगळं विरघळतं, तरी तळाशी पांढरा गाळ बसलेला दिसेल. तो गाळ म्हणजे हे सगळं भरताड. शिरेतून घेणारा माणूस औषधासोबत हाच गाळ रक्तात सोडतो.

पण सुई तर हातात टोचली, फुफ्फुसात कसं पोचलं?

हाताच्या शिरेतलं रक्त आधी हृदयाच्या उजव्या बाजूला जातं आणि तिथून थेट फुफ्फुसात. म्हणजे हातात, पायात, मानेत कुठेही टोचा, वाटेतली पहिली बारीक जाळी फुफ्फुसाचीच. तिथल्या केशवाहिन्या साधारण ७ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद असतात, एक लाल पेशी कशीबशी निघेल एवढ्याच. मायक्रोक्रिस्टलाइन सेल्युलोजचे कण २० पासून २०० मायक्रॉनपर्यंत असतात. चहाच्या गाळणीत पत्ती अडकते तसे हे कण तिथे अडकतात, फरक एवढाच की गाळणी धुता येते, फुफ्फुस धुता येत नाही. शरीराकडे टाल्क किंवा सेल्युलोज पचवायला काही एन्झाइमच नाही. औषध काही तासांत लघवीवाटे निघून जातं, नशा उतरते, पण गाळ तिथेच राहतो आणि पुढच्या वेळचा त्याच्यावर येऊन बसतो.

अडकला तर अडकला, त्याने होतं काय?

दोन गोष्टी होतात, एक लगेच आणि एक हळूहळू.

लगेचची म्हणजे एकाच वेळी बऱ्याच बारीक रक्तवाहिन्या बंद झाल्या तर फुफ्फुसातला दाब एकदम वाढतो, छातीत दुखतं, दम लागतो, माणूस चक्कर येऊन पडतो आणि कधी कधी तिथेच जातो. अशा वेळी घरच्यांना वाटतं ओव्हरडोस झाला, पण काही मृत्यूंमध्ये पोस्टमॉर्टेमला फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या या कणांनी भरलेल्या सापडलेल्या आहेत.

हळूहळूची गोष्ट जास्त फसवी. शरीर त्या कणांना परका शत्रू समजून त्यांच्याभोवती पेशींचा गराडा घालतं, त्या पेशी एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, गाठी बनतात ज्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. अशा शेकडो बारीक गाठी रक्तवाहिन्यांना चिकटून तयार होतात, नंतर तिथे व्रण पडून भाग कडक होतो, रक्तवाहिनी आतून अरुंद होते, मग हृदयाच्या उजव्या बाजूला रक्त ढकलायला जास्त जोर लावावा लागतो आणि काही वर्षांत तीही थकते. फुफ्फुसातल्या या वाढलेल्या दाबाला पल्मनरी हायपरटेन्शन म्हणतात. हाताला पट्टा बांधून मोजतात ते बीपी वेगळं, ते नॉर्मल असून हे वाढलेलं असू शकतं, म्हणून दवाखान्यात बीपी नॉर्मल निघालं यावर समाधान मानू नका.

कुठल्या गोळ्यांनी हे होतं?

तोंडाने घ्यायच्या कुठल्याही गोळीने किंवा कॅप्सूलने. तरी काही औषधांचा इतिहास माहीत असावा, कारण जग हे बऱ्याच वेळा बघून बसलंय.

अमेरिकेत १९७० च्या दशकात पेंटाझोसिन या वेदनाशामकाची गोळी आणि ॲलर्जीची एक निळी गोळी एकत्र कुटून घ्यायची लाट आली होती आणि टाल्कने भरलेली फुफ्फुसं तेव्हा डॉक्टरांनी भरपूर पाहिली. मुलांच्या एडीएचडीसाठी देतात ती रिटालिन शिरेतून घेणाऱ्यांमध्ये वेगळाच प्रकार दिसला, फुफ्फुसाचा खालचा भाग फुग्यासारखा फुगून निकामी व्हायचा, तोही ऐन तिशी-चाळिशीत. मग ओपाना ईआर नावाची ऑक्सिमॉर्फोन या वेदनाशामकाची गोळी. ती कुटता येऊ नये म्हणून २०१२ मध्ये कंपनीने तिच्यात नवं प्लॅस्टिकसारखं पॉलिमर घातलं, लोकांनी तरीही ती सुईने घेतलीच, आणि त्या पॉलिमरमुळे टेनेसीमध्ये रक्ताच्या बारीक गुठळ्या होऊन किडन्या बिघडायच्या केसेस आल्या. २०१५ मध्ये इंडियाना राज्यातल्या स्कॉट काउंटीत याच गोळीच्या सुया वाटून घेतल्यामुळे १८० हून जास्त लोकांना एचआयव्ही झाला. शेवटी जून २०१७ मध्ये अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने ती बाजारातून काढायला सांगितलं. म्हणजे गोळी कुटायला कठीण केली की माणूस थांबतो हे काही खरं नाही.

आपल्या देशातलं सगळ्यात वाईट उदाहरण मिझोराम आणि नागालँडचं. पोटदुखीची स्पास्मो प्रॉक्सिव्हॉन कॅप्सूल, तिच्यात डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सीफिन असायचं, १९९० च्या दशकापासून तिथली तरुण पोरं ती फोडून पाण्यात कालवून शिरेतून घ्यायची. शिरा जळाल्या, हातापायाला मोठमोठे गळू झाले, काहींचे हातपाय कापावे लागले, किती तरी गेले. मे २०१३ मध्ये केंद्र सरकारने डेक्स्ट्रोप्रॉपॉक्सीफिनची विक्री थांबवली. आता टॅपेंटाडॉल आणि ब्युप्रेनॉर्फिन या वेदनाशामकांच्या गोळ्या तशाच घेतल्या जातात. औषध बदललं, भरताड तेच.

हे सगळं ईशान्येकडे आणि पंजाबात, आपल्याकडे कुठे आहे?

आहे. २०१९ चा केंद्र सरकारचा सर्व्हे, जो दिल्लीच्या एम्सने केला, त्यानुसार देशात सुमारे साडेआठ लाख लोक सुईने नशा करतात आणि त्यातले जवळपास निम्मे हेरॉइन नाही तर औषधांच्या दुकानातली ओपिऑइड (अफूसारखी नशा आणणारी वेदनाशामकं) वापरतात. मुंबईत सुईने घेणाऱ्यांसाठी कितीतरी वर्षांपासून संस्था काम करतायत, उगीच नाही करत.

मालेगाव, नाशिक, संभाजीनगर भागात 'कुत्ता गोळी' आणि 'बटन' म्हणून ज्या झोपेच्या गोळ्या विकल्या जातात त्या बहुतेक पोरं तोंडानेच घेतात, त्यांचे धोके वेगळे. पण गोळीची सवय झालेल्याला 'सुईने घे, लवकर चढते आणि कमी गोळ्या लागतात' असं सांगणारा भेटतोच आणि तिथून हा आजार सुरू होतो. जिममध्ये मेफेंटरमाइनची इंजेक्शनं घेतात, ज्याला पोरं 'टर्मिन' म्हणतात, ते मुळातच इंजेक्शन असतं, त्यात हा गाळ नसतो. पण ते हृदयावर घाला घालतं, त्यामुळे ते चांगलं असं अजिबात समजू नका.

कापसातून किंवा सिगरेटच्या फिल्टरमधून गाळून घेतलं तर?

डोळ्याला पाणी स्वच्छ दिसतं म्हणून लोकांचा विश्वास बसतो. डोळ्याला ४०-५० मायक्रॉनच्या खालचं काही दिसत नाही आणि फुफ्फुसात अडकायला १० मायक्रॉन पुरतात. कापसाने मोठे तुकडे अडतात, बारीक सगळं पार होतं, वर कापसाचे तंतू जातात ते वेगळेच, शिवाय तोच कापूस पुन्हा वापरला की त्यातल्या जंतूंमुळे थंडी वाजून सणसणीत ताप भरतो. उकळूनही हे कण जात नाहीत, उलट मेणचट पदार्थ गरम असताना वितळून निसटतात आणि थंड झाल्यावर पुन्हा घट्ट होतात. परदेशात काही ठिकाणी खास बारीक फिल्टर देतात, त्यांनी कण बरेच कमी होतात, पण शून्य होत नाहीत.

मी दोन-तीनदाच घेतलं होतं, वर्ष झालं. मला काही होईल का?

भरपूर गाठी होऊन फुफ्फुस बिघडणं हे सहसा महिनोन् महिने, वर्षानुवर्षं घेणाऱ्यांमध्ये दिसतं. दोन-तीनदा घेऊन थांबलात आणि आता जिना चढताना दम लागत नाही, खोकला नाही, तर घाबरून रात्र रात्र जागायची गरज नाही. एक काम मात्र करा, एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तीन टेस्ट सरकारी दवाखान्यात करून घ्या, एका सुईनेही ते होऊ शकतं. हिपॅटायटिस सी आता गोळ्यांनी बरा होतो आणि २०१८ पासून सरकारी कार्यक्रमात त्याचे उपचार फुकट आहेत.

लक्षणं काय असतात?

सुरुवातीला काहीच नाही, हीच तर पंचाईत आहे. मग जिना चढताना दम, कोरडा खोकला, वजन उतरणं, थकवा. घरच्यांना वाटतं नशेमुळे अंगात ताकद राहिली नाही. पुढे पायावर सूज, छातीत धडधड, चालता चालता चक्कर.

थांबू नका आणि थेट १०८ ला फोन करा जर: अचानक छातीत दुखून दम लागला, ओठ निळे पडले, शुद्ध गेली, किंवा हुडहुडी भरून ताप आणि सोबत छातीत दुखतंय. यातलं शेवटचं हृदयाच्या झडपेला जंतुसंसर्ग झाल्याचं असू शकतं, सुईवाल्यांमध्ये हृदयाच्या उजव्या बाजूची झडप सडते आणि तिचे जंतूने भरलेले तुकडे फुफ्फुसात उडतात. मानेत टोचणाऱ्यांमध्ये सुई फुफ्फुसाच्या टोकाला लागून हवा बाहेर येते आणि फुफ्फुस बसतं, तेही इमर्जन्सीच.

भावाचा एक्स-रे बघून डॉक्टरांनी टीबी सांगितला, सहा महिने औषधं चालली, फरक नाही. हे ते असू शकतं का?

असू शकतं, आणि याच प्रश्नासाठी मी हे लिहायला बसलो म्हणालात तरी चालेल.

आपल्याकडे तरुण मुलगा, वजन उतरलेलं, खोकला, आणि एक्स-रेवर दोन्ही फुफ्फुसांत मोहरीएवढ्या बारीक बारीक गाठी, म्हटल्यावर कोणताही डॉक्टर आधी टीबीच म्हणणार, आपल्या देशात त्यात चूक काही नाही. मिलिअरी टीबी आणि हे प्रकरण फोटोत जुळ्या भावंडांसारखे दिसतात. कधी वरच्या भागात गाठी एकत्र येऊन मोठा गोळा होतो, तेव्हा दगडखाणीत काम करणाऱ्यांच्या सिलिकोसिससारखं दिसतं. बायोप्सी केली तरी रिपोर्टमध्ये 'ग्रॅन्युलोमा' असा शब्द येतो आणि पुन्हा सगळे टीबीकडेच वळतात. मग थुंकीत काही सापडलं नाही तरी एकेटी (टीबीची औषधं) सुरू, सहा महिने, नऊ महिने, आणि पोरगा अजून सुई घेतोच आहे, कारण कोणी विचारलंच नाही आणि त्याने सांगितलंच नाही.

हा गुंता सोडवणारी एकच माहिती असते आणि ती फक्त त्या मुलाकडे असते: मी गोळ्या कुटून शिरेतून घेतो. हे एक वाक्य डॉक्टरांना कळलं की सगळा तपास वेगळ्या दिशेने जातो. आईवडिलांसमोर बोलता येत नसेल तर डॉक्टरांना सांगा की मला दोन मिनिटं एकट्याला बोलायचंय. तेही जमत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या, गोळीचं नाव आणि किती दिवस घेतली एवढं पुरे. घरच्यांनो, तुम्हाला माहिती असेल तर 'समाजात नाव जाईल' म्हणून ते दाबून ठेवू नका, पोराच्या औषधाची दिशा त्यावर आहे.

एक मात्र लक्षात ठेवा, हे वाचून एकेटी स्वतःच्या मनाने बंद करू नका. सुईने घेणाऱ्यांना खरा टीबीही जास्त होतो, एचआयव्ही सोबत असेल तर आणखीच, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. थुंकीची सीबीनॅट टेस्ट झाली का, तिचा रिपोर्ट काय आला, हे विचारा आणि सुईची गोष्ट सांगा, पुढचं डॉक्टर ठरवतील.

कुठल्या टेस्टने पक्कं कळतं?

छातीचा हाय रिझोल्यूशन सीटी, त्यात बारीक गाठी, फांदीला कळ्या आल्यासारखी नक्षी आणि जाड झालेली फुफ्फुसाची मुख्य रक्तवाहिनी दिसते. टूडी इको हृदयाच्या उजव्या बाजूसाठी. फुफ्फुसाच्या टेस्टमध्ये नुसती फुंकायची नाही तर डीएलसीओ नावाची (फुफ्फुसातून रक्तात वायू किती जातो ते मोजणारी) मागा, फुंकायची नॉर्मल असताना ही कमी येऊ शकते. डोळ्याच्या डॉक्टरला पडदा दाखवा, खूप काळ घेणाऱ्यांमध्ये कण फुफ्फुसातूनही पुढे निसटून डोळ्याच्या पडद्यावर पिवळट चमकणारे ठिपके दिसतात.

पक्कं होतं ते बायोप्सीने. पॅथॉलॉजिस्टने काच पोलराइज्ड प्रकाशात बघितली की अंधारात टाल्क आणि सेल्युलोजचे कण लखलख चमकतात, साध्या प्रकाशात ते सहज नजरेतून सुटतात. क्रॉसपोव्हिडोन चमकत नाही, पोवळ्यासारख्या आकारावरून ओळखू येतं. म्हणून बायोप्सीच्या फॉर्मवर इतिहास लिहिलेला असणं गरजेचं, नाहीतर पोलराइज्ड प्रकाश लावून बघायचं कोणाच्या डोक्यात येणार?

सुई बंद केली तर फुफ्फुस पुन्हा चांगलं होतं का?

खोटा धीर देत नाही. आत बसलेले कण निघत नाहीत, आणि टाल्कच्या बाबतीत तर असं दिसलंय की काही जणांमध्ये बंद केल्यावरही वर्षानुवर्षं आजार पुढे सरकतो. तरीही बंद करणं हाच सगळ्यात मोठा उपचार आहे कारण नवीन गाळ थांबतो, अचानक जाण्याचा धोका थांबतो, इन्फेक्शन थांबतं, आणि ज्यांचं नुकसान थोडं आहे ते त्याच फुफ्फुसावर नोकरी-संसार करू शकतात.

मग औषध काहीच नाही?

कण विरघळवणारं औषध नाही. स्टेरॉइड देऊन बघतात, काहींना बरं वाटतं, बऱ्याच जणांना नाही. ऑक्सिजन, फुफ्फुसातल्या दाबाची औषधं, सिगरेट-गांजा पूर्ण बंद, फ्लू आणि न्युमोनियाच्या लसी, हे चालतं. अगदी शेवटच्या टप्प्यात फुफ्फुस बदलण्याची ऑपरेशनं झालेली आहेत, पण नंतर पुन्हा सुई घेणाऱ्यांच्या नव्या फुफ्फुसातही टाल्क सापडलंय.

डॉक्टरला सांगितलं तर पोलीस केस होते का?

उपचारासाठी गेलेल्या माणसाची माहिती गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ मध्ये दारू-ड्रग्जशी जोडलेले मानसिक त्रासही येतात आणि त्यात गुप्ततेचा हक्क लिहिलेला आहे. एनडीपीएस कायद्यातही कलम ६४ए आहे, स्वतःहून व्यसनमुक्तीचे उपचार घेणाऱ्याला सेवनाच्या किंवा अगदी थोड्या मालाच्या गुन्ह्यात खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. विकणाऱ्याला ते नाही.

सोडायचंय पण अंग मोडून येतं, राहवत नाही. कुठे जायचं?

अंग दुखणं, जुलाब, नाक गळणं, झोप उडणं हा शरीराचा आजार आहे, 'मन घट्ट कर' म्हणून तो जात नाही. ओपिऑइडच्या सवयीवर ओएसटी (धोक्याच्या नशेऐवजी देखरेखीखाली दिलेलं पर्यायी औषध) म्हणून उपचार आहे, नॅकोच्या (सरकारच्या एड्स नियंत्रण संस्थेच्या) केंद्रांत रोज जिभेखाली ब्युप्रेनॉर्फिन देतात, समोर बसवून, आणि ती गोळी खिशात घालून नेता येऊ नये म्हणून आधीच चुरून देतात. मुंबईत संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट सुईवाल्यांसोबत काम करतं. पुण्यात मुक्तांगण १९८६ पासून आहे, तिथे घरच्यांनाही सोबत घेतात. फोनवर सुरुवात करायची तर १४४४६ ही व्यसनमुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन, मनाने खचला असाल तर १४४१६ टेलिमानस, एचआयव्हीबद्दल १०९७.

काही दिवस सोडून पुन्हा घेतली तर जुना डोस आता झेपत नाही, बरेच ओव्हरडोस अशाच वेळी होतात. घरच्यांनी या काळात माणसाला खोलीत एकटं कोंडून ठेवू नये.

आईला नाकातल्या नळीतून गोळ्या कुटून देतो, तिच्या फुफ्फुसाला धोका आहे का?

नळी पोटात जाते, त्यामुळे या आजाराचा नाही. पण सलाइनची नळी आणि पोटाची नळी शेजारी शेजारी असते तेव्हा चुकून कुटलेलं औषध शिरेत गेल्याच्या घटना झालेल्या आहेत, म्हणून दर वेळी नळी नाकापर्यंत हाताने चाचपत जा आणि मगच सोडा, रात्रीच्या झोपेत तर नक्कीच. नावापुढे एसआर, ईआर, एक्सआर असलेल्या गोळ्या कुटू नका, दिवसभराचा डोस एकदम उतरतो, डॉक्टरांना त्याच औषधाचं सिरप मागा. नळी जागेवर आहे ना हेही बघा, ती सरकून श्वासनळीत असेल तर प्रकरण वेगळं.

मग दवाखान्यातल्या इंजेक्शननेही गाळ जातो का?

नाही. शिरेतून द्यायचं इंजेक्शन बनवताना असं न विरघळणारं भरताड घालतच नाहीत, ते सहसा ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळतात, निर्जंतुक खोलीत भरतात, आणि कण किती आहेत याची तपासणी झाल्याशिवाय बॅच सुटत नाही. गोळीच्या बाबतीत असं काहीच होत नाही, ती खायला बनवलेली असते.

मुलाच्या खोलीत सुया सापडल्या आणि उचलताना मला एक टोचली, आता?

जागा पिळू नका, तोंडात बोट घालू नका, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. त्याच दिवशी, फार तर ७२ तासांच्या आत, जवळच्या सरकारी हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जाऊन 'वापरलेली सुई टोचली' असं सांगा, एचआयव्ही टाळायची औषधं जेवढी लवकर सुरू होतील तेवढी चांगली, हिपॅटायटिस बी ची लस झालीये का तेही ते बघतील. बाकीच्या सुया हाताने न उचलता चिमट्याने जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका, झाकण टेपने बंद करा आणि तीही हॉस्पिटलमध्येच द्या, कचऱ्यात टाकली तर उद्या घंटागाडीवाल्याला टोचेल. मुलाशी बोलायचं ते दुसऱ्या दिवशी, तो शुद्धीत आणि तुम्ही शांत असताना, आणि पहिला प्रश्न 'का घेतोस' हा नको, 'दम लागतो का रे तुला' हा विचारा.